कोणतं मूल उचललं

आसफी, ८ एप्रिल १९९२

लल्ला बतूल यांना यामनाचा सलाम, आणि हात चुंबून दुआ.

हे पत्र मी सांगते आहे आणि माझी नुझा लिहिते आहे, म्हणून अक्षर चांगलं दिसतंय. तिला बजावलंय, मी बोलेन तसं लिही, मध्ये स्वतःची अक्कल घालू नको. ती म्हणते, मग सावकाश बोल. बघा, आजकालच्या पोरी.

रोजे संपले, ईद झाली. तुम्ही मेकनासला एकटीनेच ईद केलीत की भावाकडे गेलात? माझे गुडघे कामातून गेले. कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली, तरी माझ्या बोटांना तारली मासळीचा वास येतो असं नुझा म्हणते. (मी असं कधी म्हटलेलं नाही. – नुझा)

आता मुद्द्याचं. नुझाचं जमलं. मुलगा बंदरावर क्रेन चालवतो, इद्रिस नाव. कोणाचा म्हणाल? मबारकाचा! आपल्या तिसऱ्या टेबलावरची मबारका हो, जिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार होती. ती बिचारी चार वर्षांपूर्वी गेली, नवरा तर आधीच गेला होता. मुलाचं सगळं आता त्याचे काका बघतात, सी जिलाली. धान्याचं दुकान आहे. माणूस सज्जन, पण धर्माची गोष्ट निघाली की तांदळातला खडा काढावा तसं काढत बसणार. त्यांना कोणीतरी कानात सांगितलं की तारलीच्या कारखान्यात बायका एकमेकींची पोरं पाजायच्या. म्हणजे ही दोघं दूधभाऊ-दूधबहीण निघायची! म्हणतात, परक्या बाईच्या दुधाचा एक घोट पोटात गेला तरी नातं लागलं, मग निकाह हराम. खात्री झाल्याशिवाय ते निकाहाचे कागद लिहिणाऱ्या अदूलांना घरी बोलावणार नाहीत.

मी म्हटलं, आमच्या कारखान्यात असलं काही होत नव्हतं, आमच्याकडे लल्ला बतूल होत्या. पोरांची खोली त्यांच्या हातात होती. प्रत्येक पोराच्या मनगटाला वेगळ्या रंगाचा दोरा. दुसरीचं पोर छातीशी धरलं म्हणून रहमाला त्यांनी तीन आठवडे फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं. सी जिलाली म्हणाले, मग त्यांनाच बोलवा, त्या म्हणतील ते मला मान्य.

अल्लाची शपथ घेऊन सांगते, माझ्या पोरीशिवाय मी कोणाला पाजलेलं नाही. पण मी पडले नवरीची आई, माझं कोण ऐकतं? तुम्ही या, लल्ला. वीस वर्षांत एकदा आला नाहीत. दोन शब्द बोला, कोंबडीचं ताजीन खा आणि जा.

तुमची यामना


मेकनास, १७ एप्रिल १९९२

यामना,

पत्र पोचलं. तुझ्या मुलीचं अक्षर चांगलं आहे, पण ओळी वर चढतात. कागदाखाली रेघांचा कागद ठेवायला सांग.

गुडघ्यांना गरम वाळूची पुरचुंडी बांध आणि उकिडवी बसू नकोस. हे मी तुला तुझ्या पंचविसाव्या वर्षीही सांगितलं होतं.

मबारका गेल्याचं मला कळलं नव्हतं. तिचा तो मुलगा क्रेन चालवण्याएवढा झाला हे हिशेबाने बरोबरच आहे, तरी पुन्हा वाचावं लागलं.

ईद मी घरीच केली. भावाकडे मुलं फार आरडाओरडा करतात.

तू शपथ घेतली आहेस. घेण्याआधी मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं. याहून जास्त लिहीत नाही, कारण तुझी पत्रं तू एकटी वाचत नाहीस.

यायचं की नाही ते कळवते. त्या गावात मला काही काम उरलेलं नाही.

बतूल


आसफी, २९ एप्रिल १९९२

लल्ला बतूल,

हे पत्र माझं आहे, आईचं नाही. ती शेजारी बारशाला गेली आहे. कागदाखाली रेघांचा कागद ठेवला आहे.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती मसूर निवडत होती. 'घेण्याआधी मला विचारलं असतंस' या ओळीला तिचे हात थांबले. म्हणाली, "पुन्हा वाच." वाचलं. "पुढे?" पुढे काही नव्हतं. तेव्हापासून ती मसूरच निवडते आहे. निवडून झालेले पुन्हा ताटात ओतते आणि पुन्हा निवडते.

मी विचारलं, "आई, काही आहे का?"

"काही नाही."

"मग लल्लांनी असं का लिहिलं?"

"लल्लांनीच सांगितलं होतं की ते झालं नाही. म्हणजे झालं नाही. तू तुझी चादर भर."

काय झालं नाही, लल्ला? मी तेवीस वर्षांची आहे. मला विचारायचा हक्क आहे असं मला वाटतं. इद्रिस वरून, क्रेनच्या खोलीतून मला हात करतो तेव्हा खालचा मुकादम त्याला शिव्या देतो, आणि तो मुकादमालाही हात करतो. असा माणूस आहे. मी दोन वर्षांत त्याच्यासाठी तीन स्थळं परतवली. तुम्ही या आणि जे असेल ते सांगा. 'काही नव्हतं' एवढंच असेल तर तेवढंच सांगा.

नुझा


मेकनास, ६ मे १९९२

नुझा,

शुक्रवारी, १५ तारखेला, दुपारच्या बसने पोचते. सी जिलाली यांना शनिवारी अस्रच्या नमाजानंतर तुमच्या घरी बोलाव. शेजारपाजार नको. ताजीन नको, मला पित्त होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पत्रात देणार नाही. ज्यांनी ऐकायला हवं ते सगळे एका खोलीत असतील तेव्हा देईन. आईला सांग, तिच्यावर काही येणार नाही. जे आहे ते माझ्यावर आहे.

बतूल


आसफी, २७ मे १९९२

लल्ला बतूल,

तुम्ही रविवारी सकाळच्या बसने गेलात. आईने वाटेत खायला तुपातल्या घडीच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या, त्या तुम्ही खुंटीवरच विसरलात. आईने त्या कोणाला खाऊ दिल्या नाहीत. मग बुरशी आली.

त्या शनिवारी खोलीत काय बोललं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. गावाने ते कसं ऐकलं ते ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही बसलात, चहाचा पेला हातात न घेता म्हणालात, "एकोणसत्तरच्या सप्टेंबरात एके दिवशी मी एक मूल उचलून यामनाच्या कुशीत दिलं. पाजायला मीच सांगितलं. तेव्हा खोलीत दोन मुलं अशी होती की त्यांच्या आया येऊ शकत नव्हत्या. एक मबारकाचा इद्रिस, एक इज्जाचा बुशैब. बुशैब पुढे त्याच हिवाळ्यात वारला. दोघांपैकी कोणतं मूल मी उचललं, ते मला आठवत नाही."

सी जिलालींनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी बघितलं नाही. दोन दिवस टेबलाशी उभी होते, बसल्या बसल्या डोळे मिटले. लल्ला नंतर म्हणाल्या, हे झालं नाही. मी तेव्हापासून तसंच धरलं. मला खोटं बोलायचं नव्हतं, सी जिलाली. मला खरंच वाटत होतं की झालं नाही."

ते तिच्यावर रागावले नाहीत. तुमच्याकडे वळले. "लल्ला, आठवून बघा."

"बघितलं. आठवत नाही."

एवढंच. तुमचा आवाज तापमान सांगितल्यासारखा होता.

पण लल्ला, त्याच्या आधी पाच मिनिटं काय झालं होतं? सी जिलाली दारातून आत आले आणि तुम्ही म्हणालात, "तुमचा थोरला भाऊ सहासष्ट साली माझ्याकडे आला होता, डावीकडची खालची दाढ." ते चकित झाले. आई हसून म्हणाली, "लल्ला काही विसरत नाहीत, यांना टेबलावरच्या प्रत्येकीचा नंबर पाठ आहे." आणि तुम्ही नंबर म्हणूनही दाखवलेत!

मग काय होणार? जाताना फाटकाशी सी जिलाली माझ्या आईला हळू आवाजात म्हणाले, "फार मोठी बाई आहे. पोरीच्या तोंडावर हो म्हणवेना, म्हणून असं म्हणाली. जिला माझ्या भावाची दाढ आठवते तिला पोर आठवत नाही होय?" आता गल्लीत सगळे हेच म्हणतात. पाववाला म्हणतो, भाजीवाली म्हणते. तुमचं 'आठवत नाही' सगळ्यांनी 'हो' म्हणून ऐकलं. तुम्ही थेट 'हो' म्हणाला असतात तर निदान कोणी शंका तरी काढली असती.

इद्रिस तीन दिवस क्रेनवर चढला नाही. मग चढला. आता हात करत नाही. बाजारात समोर आला तर माझ्याकडे बघायला घाबरतो. त्याच्या डोळ्यांत दिसतं, ही माझी बहीण असली तर? काकांनी मौलूदच्या सणापर्यंत थांबायचं कबूल केलंय, मग शमाइया गावची एक मुलगी बघायची आहे. तो नाही म्हणतो, पण रोज थोडं हळू आवाजात नाही म्हणतो.

एक ओळ लिहा. 'तो बुशैब होता.' चार शब्दसुद्धा नाहीत. मेलेल्या मुलाचं काय जातंय?

नुझा


मेकनास, १६ जून १९९२

नुझा,

पोळ्या मी विसरले नव्हते. मुद्दाम ठेवल्या. तुमच्या घरचं काही घेऊन जावं असं मी काही केलं नव्हतं.

तू विचारलं आहेस म्हणून सगळं एकदा लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

शुक्रवारी मी बसमधून उतरले तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी होईल. नऊ वर्षं मी त्या गावात काम केलं. वारा तोंडावर आला, मासळीचा वास आला, गाडीवाल्याने "जुन्या गावात, मदिनेत जायचं का, हाज्जा?" म्हणून विचारलं. मी हाज्जा नाही असं त्याला सांगितलं. बाकी काही झालं नाही. कुंभारांच्या गल्लीतून गेले, माझी जुनी खोली होती तिथे आता सायकलवाला आहे. थांबून पाहिलं. एखाद्या अनोळखी गावात थांबून पाहावं तसं.

मग कारखान्यावर गेले. तुमच्याकडे येण्याआधी मला ते करायचंच होतं. रखवालदार म्हातारा होता, आमच्या वेळचा नव्हता. त्याने साखळी काढली.

"काय हरवलंय?" तो म्हणाला.

"काही नाही."

"मग शोधायला काय आलात?"

मी म्हटलं, "ते बघितल्यावर कळेल." तो म्हणाला, "अशी बाई पहिल्यांदाच बघतोय," आणि मागे मागे आला.

पोरांच्या खोलीत आता गाड्यांचे टायर ठेवतात. खिडकी तीच आहे. आम्ही मासळीची खोकी धुऊन, त्यात गोधड्या घालून मुलं ठेवत होतो, भिंतीशी सहा आणि खिडकीखाली चार. इद्रिस आणि बुशैब खिडकीखाली शेजारी शेजारी असत. त्या जागेवर मी उभी राहिले. वाकले. दोन्ही हात पुढे केले आणि उचलल्यासारखं केलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. हातांना काही कळलं नाही. रखवालदार म्हणाला, "पाठ धरली का?" मी हो म्हटलं.

आता त्या दिवसाचं. तुला कळावं म्हणून सांगते: तेव्हा प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा असे. होड्या तारली घेऊन आल्या की भोंगा वाजे आणि बायका आपापला ओळखून कडेवर मूल घेऊन धावत येत. मासळी संपेपर्यंत कोणी हलायचं नाही. त्या सप्टेंबरात तीन दिवस होड्या थांबल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मबारकाने सुरीने तळहात कापून घेतला, शीर तुटली. तिला मीच गाडीत घालून इस्पितळात पाठवलं. इज्जा वाफेच्या भट्टीवर होती, तिथून बाईला सोडलं तर अख्खी लाइन थांबते. मुकादम म्हणाला, "सूर्य मावळेपर्यंत सोडणार नाही, तुम्ही काय करायचं ते करा." दोन्ही मुलं सहा-सात महिन्यांची. दोन्ही रडत होती. मी साखरपाणी केलं, फडक्याचा बोळा करून तोंडात दिला. दोघांनी थुंकून टाकला.

नियम माझा होता. तो मी केला कारण मी आले तेव्हा तिथे सरसकट पाजणं चालत असे. आज ना उद्या त्या मुलांची लग्नं व्हायची होती आणि तोवर कोणाला काही आठवणार नव्हतं, हे मला दिसत होतं. रहमाला मी बाहेर काढलं ते याचसाठी. आणि दुपारी एक वाजता मी तुझ्या आईला टेबलावरून ओढून आणलं. तू पिऊन झोपली होतीस. तिला दहा मिनिटं मिळाली होती. दहा मिनिटांत एकच मूल पाजून होतं. मी एक उचललं. दुसऱ्याला पुन्हा बोळा दिला आणि त्या वेळी त्याने तो चोखला. मग तुझ्या आईला म्हणाले, "हे झालं नाही." ती म्हणाली, "बरं, लल्ला."

आता तुझा प्रश्न. मेलेल्या मुलाचं काय जातंय.

बुशैब जानेवारीत वारला, छातीत कफ होऊन. त्याचा सप्टेंबरातल्या त्या दुपारशी काही संबंध नाही. मी परिचारिका होते, मला ते नीट माहीत आहे. तरी त्या हिवाळ्यापासून मी स्वतःला सांगत आले की दूध त्यालाच मिळालं. बोळा मिळाला तो दुसऱ्याला, ज्याचं काही बिघडलं नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते मला दिसतं. त्याच्या मनगटावरचा तांबडा दोरा, तुझ्या आईच्या कोपराशी. स्पष्ट दिसतं. पण इद्रिसचा हिरवा दोराही, मी मनात आणला की, त्याच कोपराशी दिसतो.

मला जे उत्तर हवं आहे तेच तुलाही हवं आहे. ते दिलं की तुझं लग्न होतं आणि माझं मन स्वस्थ होतं. ज्या साक्षीत साक्षीदाराचा एवढा फायदा आहे ती साक्ष मी दुसऱ्या कोणाची मानली नसती. म्हणून मी सी जिलालींना खरं तेच सांगितलं. लोकांनी त्याचं काय केलं ते माझ्या हातात नाही.

तू रागावशील. त्याला हरकत नाही.

बतूल


आसफी, १४ जुलै १९९२

लल्ला बतूल,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. पोळ्यांचं ऐकून ती रडली. बाकीचं ऐकून म्हणाली, "मला वाटलं होतं, मूल मबारकाचंच होतं हे लल्लांना आठवतं आणि त्या मुद्दाम लपवतायत. माझीच बुद्धी वाईट."

मी रागावले. चार दिवस. मग मी इज्जाला शोधलं.

ती हम्मामात आहे, मदिनेच्या खालच्या फाटकाजवळच्या. बायकांची अंगं घासते. मी पोहायला शिकणाऱ्यासारखी घाबरत आत गेले आणि मुद्दाम तिच्यापुढे बसले. हात असे आहेत तिचे, भांडं घासावं तसं माणूस घासते.

"किती मळ गं हा! लग्नाची पोर ना तू?"

"होय."

"कोणाची?"

"यामनाची."

"अच्छा! ती मोडलेल्या लग्नाची!" सगळ्या हम्मामाला ऐकू गेलं. एक म्हातारी वाफेतून ओरडली, "इज्जा, कातडी तरी राहू दे पोरीची, नवीन नवरा बघायचाय!" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार.

मी हळूच म्हटलं, "मावशी, मला तुमच्या बुशैबबद्दल विचारायचं आहे."

तिचा हात चालूच राहिला. "काय विचारणार त्याच्याबद्दल? दहा-अकरा महिन्यांचा होता. विचारण्यासारखं काही केलं नाही त्याने."

मग मी तुमच्या पत्रातलं सगळं सांगितलं. दोन मुलं, दहा मिनिटं, बोळा. मला वाटलं होतं, ती लग्नाचं काहीतरी बोलेल, तिच्याकडून काहीतरी निघेल, ती म्हणेल की हो, मला आठवतं. मी त्यासाठीच गेले होते, हे तुम्हाला कळलंच असेल.

तिने घासणं थांबवलं. घासायचा खरखरीत मोजा, कासा, हातातून काढला. म्हणाली, "परक्या बाईनं माझ्या पोराला पाजलं? तुझ्या आईनं?"

"कदाचित. लल्लांना आठवत नाही."

"त्या दिवशी मला संध्याकाळी सोडलं," ती म्हणाली. "खोलीत गेले तर तो झोपलेला. बतूल म्हणाली, उठवू नकोस, असाच ने. घरी नेला, तो सकाळपर्यंत उठला नाही. मला वाटलं, रडून रडून थकला आणि उपाशीच झोपला. तो गेल्यावर मला दुसरं काही आठवेना. आजार आठवेना, डॉक्टर आठवेना. तेवढं एकच, की त्या दिवशी मी भट्टीवर उभी होते आणि माझं पोर उपाशी झोपलं."

मग तिने माझे केस धुतले. मी नको म्हणत होते. तीन वेळा धुतले, मातीच्या लेपाने, आणि प्रत्येक वेळी पाणी हाताने बघून ओतलं. म्हणाली, "असं असेल तर तू त्याची बहीण लागतेस. त्याला बहीण आहे हे मला कोणी सांगितलंच नाही." आणि जाताना, कपडे घालत होते तेव्हा, दाराशी आली. "तू बतूलला लिहितेस ना? तिला विचार, तो पोटभर प्याला का. लग्नाबिग्नाचं मला काही नको. ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच विचार."

लल्ला, मी माझ्यासाठी काही मागत नाही. इद्रिसलाही यातलं काही सांगितलं नाही, सी जिलालींनाही नाही. तुम्ही खरं तेच सांगाल हे मला आता कळलं आहे, आणि खरं तुम्हाला आठवत नाही, हेही. मग इज्जाला मी काय सांगू? परवा पुन्हा गेले तर लांबूनच तिने मान वर केली. मी मान हलवली, पत्र आलं नाही म्हणून. तिने पुन्हा मान खाली घातली आणि समोरच्या बाईला घासायला लागली.

मौलूदला आठ आठवडे उरले आहेत. हे फक्त कळवलं.

नुझा


मेकनास, १ ऑगस्ट १९९२

इज्जा,

हे पत्र तुझं आहे. नुझा ते तुला वाचून दाखवेल. नुझा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, मध्ये थांबू नकोस, आणि वाफेत नको, बाहेर घेऊन बस.

तू विचारलंस, तुझा बुशैब त्या दिवशी पोटभर प्याला का. होय, प्याला. मी त्याला खोक्यातून उचलला आणि यामनाच्या कुशीत दिला. आधी उजवीकडे घेतलं, मग डावीकडे. मध्ये एकदा सोडून खिडकीकडे बघत राहिला, मग आपणच पुन्हा धरलं. मी खांद्यावर टाकून पाठ थोपटली, त्याने ढेकर दिली, थोडं दूध माझ्या पांढऱ्या कोटावर आलं. तू त्याला घेतलंस तेव्हा तो रडून झोपलेला नव्हता. पोट भरलेलं होतं म्हणून झोपला होता, आणि म्हणूनच मी उठवू नकोस म्हटलं.

हे मी तुला तो गेला त्या जानेवारीतच सांगायला हवं होतं. मी तुझ्या घरी आले होते. सतरंजीवर बसले, चहा घेतला, तू काहीतरी बोलशील म्हणून वाट पाहिली आणि तू बोलली नाहीस तेव्हा उठून आले. दोन वर्षांनी बदली मागून घेतली.

तू लिहायला-वाचायला शिकली नाहीस, म्हणून शेवटी मी माझं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि माझा कारखान्यातला हुद्दा घालते आहे. असा कागद कोणाही पुढे चालतो. सी जिलालींपुढेही चालेल. त्यांच्याकडे न्यायचा की तुझ्या पेटीत ठेवायचा, ते तू ठरव. नुझाने तुला त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

बतूल बिन्त अब्बास सरगीनी
परिचारिका, मुलांची खोली, १९६३ ते १९७२